इन्फिएर्नो: पाहुण्यांचा प्रश्न आणि गावाचा करार

दक्षिण-पूर्व पेरूमध्ये माद्रे दे दिओस नावाचा प्रांत आहे आणि त्याचं मुख्य शहर पुएर्तो माल्दोनादो. अमेझॉनचं जंगल पाहायला येणारे अनेक पाहुणे कुस्को किंवा लिमाहून विमानानं इथं उतरतात. तिथून गाडीनं नदीच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि मग लांबट, छपराच्या होडीतून तांबोपाता नदीनं प्रवाहाच्या उलट निघायचं. पाणी गढूळ, मातकट. काठावर कुठे ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं, कुठे केळी आणि युक्का या कंदाचं छोटं शेत, मग पुन्हा झाडांची भिंत. काही वेळानं होडी काठाला लागते. पायऱ्या चढून, जंगलातून थोडं चालून गेलं की पोसादा अमासोनास हा लॉज दिसतो. लाकूड, बांबू आणि ताडपर्णी छपरांचा. खोल्यांना तीनच भिंती. चौथी बाजू थेट जंगलाकडे उघडी. पहाटे लाल हाउलर माकडांचा घोगरा, वाऱ्यासारखा आवाज त्या उघड्या बाजूनंच आत येतो.

या लॉजची गोष्ट मी उदाहरण म्हणून निवडली याचं कारण ते माकडांचे आवाज नाहीत. लॉज ज्या जमिनीवर आहे ती इन्फिएर्नो नावाच्या गावाची, आणि लॉजही त्या गावाचाच. इन्फिएर्नो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नरक. इथं येणारे पाहुणे पक्षी पाहतात, पाणमांजरं पाहतात आणि कधी ना कधी एक प्रश्न विचारतात: “इथले खरे आदिवासी कुठे आहेत?” प्रश्न निरागस असतो. पण त्यानं या गावात जी घुसळण झाली, ती नीट पाहिली तर वर्षावनातल्या नदीकाठच्या वस्त्यांना भेट देण्याविषयी आपण बरंच काही शिकू शकतो.

गाव कोणाचं?

तांबोपाता खोऱ्यातले मूळ रहिवासी एसे एहा. त्यांची भाषा ताकाना कुळातली. त्यांची वस्ती पेरू आणि बोलिव्हिया दोन्ही देशांत आहे. पेरूमध्ये इन्फिएर्नोशिवाय पाल्मा रेआल आणि सोनेने ही त्यांची गावं. तांबोपातेला ते बाहुआहा म्हणतात आणि हीथ नदीला सोनेने. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बाहुआहा-सोनेने राष्ट्रीय उद्यानाला ही दोन्ही नावं मिळाली आहेत. आपले पूर्वज कापसाच्या दोरीवरून आकाशातून बाहुआहाच्या उगमापाशी उतरले, असं एसे एहा सांगतात. नदी त्यांच्यासाठी वाटही आहे आणि वंशावळही.

पण इन्फिएर्नोत फक्त एसे एहा राहत नाहीत. रबराच्या तेजीच्या काळापासून या नद्यांवर माणसं येत राहिली. त्यातून मिश्र वंशाची, स्पॅनिश बोलणारी, मासेमारी आणि शेतीवर जगणारी नदीकाठची कुटुंबं इथं स्थिरावली. त्यांना रिबेरेन्यो म्हणतात. अँडीज पर्वतातून खाली उतरलेली माणसंही आली. १९७४ मध्ये पेरू सरकारनं अमेझॉनमधल्या ‘मूळ समुदायां’ना सामूहिक जमीनहक्क देणारा कायदा केला. इन्फिएर्नोतल्या एसे एहा आणि रिबेरेन्यो कुटुंबांनी एकत्र येऊन या कायद्याखाली हक्क मागितला आणि १९७६ मध्ये तो मिळवला. सुमारे १०,००० हेक्टर जमीन, तांबोपातेच्या दोन्ही काठांवर. माद्रे दे दिओसमध्ये अशी सनद मिळालेलं हे पहिलं गाव.

म्हणजे कागदावर सगळेच ‘मूळ समुदाया’चे सदस्य. घराघरांत मात्र भाषा, आठवणी आणि नाती वेगळी. वीसेक वर्षं हा फरक कोणाला फारसा खुपला नाही. दोन्हीकडची शेती तीच, शिकार तीच आणि पावसाळ्यात जंगलात जाऊन ब्राझील नट, म्हणजे तिथलं कास्तान्या, गोळा करणंही तेच.

करार

१९९६ मध्ये रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स या पेरूतल्या कंपनीनं गावाशी करार केला. कंपनीचं काम तांबोपातेवर आधीपासून होतं. बरंच वर, मकाव पक्ष्यांच्या मोठ्या मातीच्या कड्याजवळ तिचं संशोधन केंद्र होतं. तिला वाटेत एक लॉज हवा होता आणि गावाकडे जंगल होतं. अशा ठिकाणी नेहमीचा मार्ग म्हणजे गावाला जमिनीचं भाडं द्यायचं, चार-दोन जणांना नोकरी द्यायची आणि पाहुण्यांना एका दुपारी ‘गाव दाखवायला’ न्यायचं. इथं तसं झालं नाही.

नफ्यातले ६० टक्के गावाला, ४० टक्के कंपनीला. निर्णय मात्र निम्मे-निम्मे. मुदत २० वर्षांची आणि त्यानंतर लॉजची पूर्ण मालकी गावाकडे. कामावर घेताना गावकऱ्यांना आधी संधी. त्याबदल्यात गावानंही कंपनीला सोडून इतर कोणाशी पर्यटनाचा धंदा करायचा नाही. बांधकामासाठी पेरू-कॅनडा फंडाचं कर्ज आणि मॅकआर्थर फाउंडेशनचं अनुदान मिळालं. लॉज १९९८ मध्ये पाहुण्यांसाठी उघडला.

या प्रकरणावर बोलताना सगळे ६० टक्क्यांवर येऊन थांबतात. आकडा डोळ्यांत भरतो हे खरं. माझ्या मते या करारातला महत्त्वाचा आकडा दुसरा आहे, ५० टक्क्यांचा. नफा वर्षाअखेर येतो. काही वर्षी येतच नाही. निर्णय मात्र रोज घ्यावे लागतात. कोणत्या पायवाटेवर पाहुण्यांना न्यायचं, कोणत्या घरात न्यायचं नाही, शिकार कुठे बंद ठेवायची, नोकरीवर कोण, किती पैसे घरोघर वाटायचे आणि किती शाळेसाठी ठेवायचे. या निर्णयांसाठी गावानं निवडलेली समिती कंपनीच्या माणसांबरोबर बसू लागली. ज्यांनी आयुष्यात कधी ताळेबंद पाहिला नव्हता त्यांना तो वाचायला शिकावं लागलं. कंपनीलाही सगळं गावसभेत मांडून, तासन्‌तास चर्चा ऐकून मग पुढे जावं लागलं. हे काम संथ, त्रासाचं होतं. पण २० वर्षांनी लॉज गावाच्या हाती द्यायचा असेल तर तो चालवायला गावानं शिकलंच पाहिजे, आणि शिकण्याची दुसरी जागा नव्हती.

गरुडाचं घरटं, पाणमांजरांचं तळं

आता पाहुण्यांना ज्यासाठी इथं यायचं असतं त्याकडे वळू. करार प्राण्यांपर्यंत कसा पोहोचतो, ते हार्पी गरुडाकडे पाहिलं की कळतं.

हार्पी हा जगातल्या सर्वांत ताकदवान गरुडांपैकी एक. मादी नऊ किलोंपर्यंत भरते; स्लॉथ आणि माकडं हे त्याचं भक्ष्य. घरटं बांधतो ते जंगलाच्या छताच्याही वर डोकं काढणाऱ्या झाडावर, बहुतेकदा ब्राझील नट किंवा सेइबाच्या महावृक्षावर. जोडी दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू वाढवते. असं घरटं शोधणं बाहेरच्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. गावातल्या शिकाऱ्याला आणि कास्तान्या गोळा करणाऱ्याला मात्र झाड न्‌ झाड ठाऊक असतं. म्हणून वापरात असलेलं घरटं दाखवणाऱ्याला पैसे मिळू लागले. ज्याच्या वाट्याच्या जंगलात घरटं, त्याचा त्यात वाटा. पूर्वी गरुड दिसला की कधी कोंबड्यांच्या भीतीनं, कधी पिसांसाठी, कधी निव्वळ कुतूहलानं बंदूक उचलली जायची. घरट्याला किंमत आली आणि त्या झाडाकडे पाहण्याची नजर बदलली.

पण यातली अडचणही सांगायला हवी. पिल्लू साधारण सहा महिन्यांत उडू लागतं, पुढे काही काळ आईबापांच्या आधारानं आसपास राहतं आणि मग घरटं रिकामं पडतं. पाहुण्याला ते हवं त्या आठवड्यात दिसेलच असं नाही. हार्पी दाखवण्याची हमी कोणी देत असेल, तर घरट्याच्या फार जवळ जाण्याचा किंवा पक्ष्याला त्रास देण्याचा मोह त्याला होणार, हे ओळखून असावं. इथल्या चांगल्या वाटाड्याचं लक्षण हेच, की दुर्बीण लांब उभी करून तो थांबतो आणि ‘आज नाही’ म्हणायला कचरत नाही.

त्रेस चिंबादास तळ्याचंही असंच. नदीनं जुना मार्ग सोडला की मागे घोड्याच्या नालासारखं तळं उरतं; तिथल्या भाषेत कोचा. अशा तळ्यांत राक्षसी पाणमांजरं राहतात. लांबी १.८ मीटरपर्यंत, कुटुंबानं राहणारी, एकत्र शिकार करणारी. प्रत्येकाच्या गळ्यावरचा पांढुरका ठिपका वेगळा, त्यावरून संशोधक त्यांना एकेकटं ओळखतात. विसाव्या शतकात कातड्यासाठी त्यांची बेसुमार शिकार झाली. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचा करार आला तेव्हा कित्येक नद्यांतून ती नाहीशी झाली होती. फ्रँकफर्ट प्राणिशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी पेरूत त्यांच्यावर दीर्घकाळ काम केलं. त्यांच्या कामातून एक गोष्ट पुढे आली: होड्या जवळ गेल्या की कुटुंब बिथरतं, आणि पिल्लं असताना ही गडबड जिवावर बेतू शकते. म्हणून अशा तळ्यांवर होड्यांची जागा ठरवून देण्याची आणि काही भाग त्यांना पूर्ण बंद ठेवण्याची पद्धत पडली. त्रेस चिंबादासवर पाहुणे दोन होड्यांवर फळ्या टाकून केलेल्या तराफ्यात बसतात, पहाटेच, आणि तराफा वल्ह्यांनी हळू चालतो. इंजिन नाही.

त्या तराफ्यावर कोणीतरी ‘थोडं अजून जवळ घ्या ना’ म्हणतंच. वाटाड्या गावचा असेल तर त्याच्यापुढे पेच असतो: टीप देणारा पाहुणा समोर आहे आणि आपल्याच गावाचं तळंही समोर आहे. तो पेच त्याच्यापुढे उभाच करू नये. पाणमांजर स्वतःहून जवळ आलं तर आलं. बहुतेकदा ती लांबून, पाण्याबाहेर मान काढून, फुरफुरत तुमच्याकडे पाहतात आणि मग मासा पकडायला वळतात. मासा डोक्याकडून खातात. कुरकुर खाण्याचा आवाज शांत तळ्यावर लांबवर ऐकू येतो. एवढं दिसलं तरी पहाट सार्थकी लागते.

मातीच्या कड्यावर, म्हणजे कोल्पावर, येणाऱ्या पोपट-मकावांविषयी थोडक्यात सांगतो. ते माती खातात, आणि या भागात झालेल्या अभ्यासांनी दाखवलं, की सोडियम जास्त असलेली माती ते पसंत करतात. समुद्रापासून दूरच्या या जंगलात मीठ दुर्मीळ आहे. त्यामुळे आडोशामागून पाहणाऱ्यानं अचानक हालचाल केली आणि थवा उडाला, तर त्या सकाळी पक्ष्यांचं मीठ हुकलं असं समजा.

‘खरे’ कोण?

आता त्या प्रश्नाकडे परत. मानववंशशास्त्रज्ञ अमांडा स्ट्रॉन्झा यांनी लॉजच्या सुरुवातीपासून, १९९६ पासून, इन्फिएर्नोत दीर्घ संशोधन केलं. त्यांच्या लेखनातून जे दिसतं ते पाहुण्यांच्या माहितीपत्रकात कधी येत नाही. पाहुण्यांना ‘मूळ संस्कृती’ पाहायची होती. लॉज ‘मूळ समुदाया’चा म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि गावात पहिल्यांदाच इतक्या तीव्रतेनं विचारलं जाऊ लागलं, की मूळ कोण? काही एसे एहा कुटुंबं म्हणू लागली, की पाहुणे येतात ते आमच्यासाठी, तेव्हा संस्कृतीविषयी बोलण्याचा हक्क आमचा. रिबेरेन्यो म्हणत, जमिनीची सनद आपण एकत्र मिळवली, लॉज एकत्र बांधला, मग आम्ही कोण? संस्कृती दाखवायची म्हणजे काय, आणि ती दाखवणार कोण, यावर खटके उडू लागले.

हा वाद म्हणजे केवळ नुकसान, असं मी म्हणणार नाही. कित्येक वर्षं जी भाषा शाळेत आणि बाजारात कमी लेखली गेली, तिच्याकडे तरुण एसे एहा पुन्हा वळून पाहू लागले. वडीलधाऱ्यांना जुन्या गोष्टी विचारल्या जाऊ लागल्या. औषधी वनस्पतींचं ज्ञान असणाऱ्या जाणत्यांचं न्यापे हे केंद्र पाहुण्यांच्या फेरीत आलं आणि त्या ज्ञानाला मान मिळाला. पण त्याच बाजूनं धोकाही होता: पाहुण्याच्या अपेक्षेत बसेल तीच संस्कृती, आणि बाकीचं घरात लपवायचं.

मला इथं पाहुण्यांना सांगावंसं वाटतं ते असं. इन्फिएर्नोतला जीन्स घातलेला, मोबाइल हाताळणारा, पेके-पेके इंजिनाची होडी चालवणारा माणूस एसे एहा असू शकतो आणि असतो. त्याची ओळख त्याच्या कपड्यांत शोधू नका. नदीपलीकडच्या रिबेरेन्यो शेतकऱ्याचं शेत, चाक्रा, लॉजवरच्या पाहुण्यांना दाखवतात. अनेकांना ते दुय्यम वाटतं, कारण ते ‘आदिवासी’ नाही. उलट ते नीट पाहावं. युक्का, केळी, अननस, मधेच कोकोची झाडं, जमीन थकली की ती पडीक ठेवून जंगलाला परत येऊ देणं: अमेझॉनच्या नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं शहाणपण आहे हे. ‘खरं-खोटं’ हे माप घेऊन आलात तर हे दिसणार नाही.

फोटोबद्दल वेगळा नियम सांगायची गरज पडू नये, पण पडते. आधी विचारा. म्हाताऱ्या बाईचा चेहरा, अंगणात खेळणारी मुलं, घराचा आतला भाग. ‘नाही’ म्हटलं तर हसून पुढे जा. मुलांना गोळ्या किंवा पैसे वाटू नका. त्या मुलांचे आईवडील लॉजचे भागीदार आहेत. हस्तकला घ्यायची तर जरूर घ्या, सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा, पण पिसं, दात किंवा कातडं असलेली वस्तू घेऊ नका. पोपट-मकावांच्या आणि अशा अनेक प्राण्यांच्या अवयवांची देशाबाहेर नेआण कायद्यानं बंद आहे. आणि विक्री झाली की पुढच्या पाहुण्यासाठी पुन्हा एक पक्षी मारला जाण्याचा संभव असतो.

पैशानं जंगल वाचलं का?

सरळ हो म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. स्ट्रॉन्झा यांच्या अभ्यासाचं उत्तर दोन्ही बाजूंचं आहे. लॉजवर नोकरीला लागलेल्यांना शिकारीला, झाडं तोडून नवं शेत करायला वेळ कमी मिळू लागला. त्यामुळे जंगलावरचा भार काहीसा उतरला. पण हातात रोकड आली की माणूस बाजारातून वस्तू आणतो, आणि त्यात शेत वाढवायला उपयोगी अवजारंही येतात. नव्या पैशानं जंगल राखताही येतं आणि जंगल कापताही येतं. म्हणूनच त्यांनी असं मांडलं, की पर्यटन आणि संवर्धन यांचं नातं बहुधा निव्वळ पैशापेक्षा माणसांच्या बदललेल्या मूल्यांशी आणि आपसातल्या संबंधांशी अधिक जोडलेलं आहे. मला हे पटतं. एखादा पाहुणा ‘मी पैसे दिले, म्हणजे जंगल वाचलं’ असं म्हणून परततो तेव्हा त्यानं प्रश्नाचा छोटासा भाग सोडवलेला असतो. गावात माध्यमिक शाळेसारख्या गोष्टी उभ्या राहिल्या, वाटाडे इंग्रजी शिकले. हे परिणाम खोल्यांच्या भाड्यात मोजता येत नाहीत, पण जंगलाचं भवितव्य ठरतं ते इथं.

आणि बाहेरचं जग थांबत नाही. ब्राझीलला पॅसिफिक किनाऱ्याशी जोडणारा आंतरमहासागरी महामार्ग माद्रे दे दिओसमधून गेला आणि २०११ मध्ये पुएर्तो माल्दोनादोजवळच्या नदीवर मोठा पूल खुला झाला. रस्त्याबरोबर सोन्याचे बेकायदा खाणकामगार आले. नदीकाठची वाळू उपसून, पाऱ्याच्या साहाय्यानं सोनं वेगळं करणारं हे काम. पारा पाण्यात उतरतो, माशांत जातो आणि मासे खाणाऱ्या गावकऱ्यांपर्यंत पोहोचतो. २०१९ मध्ये सरकारनं ला पाम्पा या भागात मोठी लष्करी-पोलिसी मोहीम काढली. इन्फिएर्नोच्या शेजारी, २००० मध्ये घोषित झालेल्या तांबोपाता राष्ट्रीय राखीव क्षेत्राच्या कडेला हे सगळं घडत होतं. एका लॉजकडून यावर इलाज होईल अशी अपेक्षा करणं अन्यायाचं ठरेल. तरी जमिनीची सनद हाती असलेलं, सभा घेणारं, हिशेब समजणारं गाव अशा वेळी उभं राहू शकतं, हे नाकारता येत नाही.

२०१६ मध्ये मूळ करारातली २० वर्षं पूर्ण झाली. कंपनीची साथ गावानं तोडली नाही. काहींना हे अपयश वाटतं: गाव अजून स्वतःच्या पायावर का नाही? मला तसं वाटत नाही. लिमा आणि परदेशांतल्या पाहुण्यांपर्यंत पोहोचणं, आरक्षणं घेणं, विमानाच्या वेळा जुळवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि भागीदारी चालू ठेवायची की नाही हे ठरवण्याचा हक्क गावाकडे असणं हाच त्या कराराचा गाभा होता. करार पुढे न्यायचा निर्णय घेणारे लोक आणि १९९६ मध्ये सही करणारे लोक यांत एक पिढी गेली होती, आणि दुसऱ्या पिढीनं आकडे पाहून ठरवलं.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे पेरूनं सीमा बंद केल्या. होड्या धक्क्याला बांधल्या गेल्या, तीन भिंतींच्या खोल्यांत पाहुणे नव्हते. ज्या कुटुंबांनी चाक्रा चालू ठेवला होता, ज्यांची कास्तान्याची झाडं त्यांच्या वाट्याला अजून होती, त्यांच्या हाती तेव्हा जगण्याचं दुसरं साधन होतं. म्हणून लॉजवर कास्तान्याच्या हंगामात, जानेवारी ते मार्च, नेहमीचा वाटाडा गावात नाही असं कळलं तर नाराज होऊ नका. तो जंगलात आहे, पाठीवर कास्तान्याचं पोतं आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच झाडावरचं गरुडाचं घरटं तो कदाचित तुम्हाला दाखवेल.